निरोपात आपलं काही घालायचं नाही

शुक्रवारच्या भजनाला आम्ही वाडीतल्या बायका देवळात जमतो. आरती होते, प्रसाद संपतो, किस्से मात्र संपत नाहीत. दर शुक्रवारी एखादा वाढतोच!

*

माझी सून सुनीता शाळेत इंग्रजी शिकवते. एकदा तिनं भजनानंतर सांगितलं, ‘अनाउन्स’ म्हणजे जाहीर करणं. पण शब्द मूळचा लॅटिनमधला आणि त्याच्या पोटात एक निरोप्या बसलाय. बातमी कुणापर्यंत तरी नेऊन पोचवायची, असा त्याचा अर्थ.

वरच्या घरातली येसूकाकी म्हणाली, “मग आमी जलमभर अनाउन्सच करतोय की!”

खोटं नाही. जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्याकडच्या आमच्या वाडीत मोबाइलला रेंज मिळते ती फक्त वर रस्त्यावरच्या चहाच्या दुकानात. निरोप आला की दुकानदार कुकारा घालतो, तोंडाशी हात धरून लांब हाक. ती येसूकाकीनं ऐकायची, खाली लक्ष्मीअक्काला द्यायची, अक्कानं मला. माझं घर शेवटचं. त्याखाली फक्त देवीचं देऊळ.

*

नियम एकच, निरोपात आपलं काही घालायचं नाही. तो येसूकाकीमुळं झाला.

माझ्या भावाचा निरोप होता, संध्याकाळी येतो. काकीनं पुढं जोडलं, जेवायलाच येतोय. मी वडे तळले, खीर केली. भाऊ पानावर बसेचना. म्हणाला, “ताई, मी गुरुवार धरलेत.”

काकीला विचारलं, तर म्हणाली, “त्यो न्हाई जेवला तर मी हाय की!”

*

देवळात स्पीकर आला त्या पहिल्याच दिवशी करंट गेला. पुजारीकाकांनी बंद माइकपुढंच सगळ्यांची गाऱ्हाणी सांगितली. सुनीता हळूच म्हणाली, काका, ऐकू कुणाला गेलं?

काकांनी समईची वात सारली. “जिला जायचं तिला गेलं.”

*

लक्ष्मीअक्काची सून दोनदा दवाखान्यातून रिकाम्या ओटीनं घरी आली होती. तिसऱ्या खेपेला अक्कानं देवीपुढं मौन धरलं. सून सुखरूप मोकळी झाल्याचं कानावर येईपर्यंत बोलायचं नाही. भजनाला यायची, टाळ वाजवायची, ओठ मिटलेले. तिच्या वाटचे कुकारे तिचा नवरा घालायचा.

परवा तो आणि मुलगा सुनेला घेऊन जोयड्याच्या दवाखान्यात गेले. अक्का घरी एकटी.

दुपारी मी तांदूळ निवडत होते. वरून येसूकाकीचा कुकारा आला. शब्द माझ्यापर्यंत पोचले नाहीत. सूप ठेवून अंगणात आले. अक्काच्या घराकडून काहीच येईना. मी देवीचं नाव घेत उभी राहिले.

मग अक्काचा आवाज आला. कित्येक महिन्यांनी आलेला, घोगरा.

“लक्ष्मीच्या सुनेला मुलगी झाली हाय. दोघीबी बऱ्या हायत.”

एवढंच. येसूकाकीनं काही जोडलं नव्हतं. अक्कानंही नाही.

माझ्यापुढं घर नाही. तरी मी अंगणाच्या कडेला गेले, देवळाकडं तोंड केलं आणि तोंडाशी हात धरले.