उद्या घरी

तपासायची नळी छातीला लावण्याआधी डॉक्टर ती आपल्या तळहातावर चोळून गरम करायचे आणि पेशंटच्या डोळ्यांत बघून म्हणायचे, "घाबरू नोको. उद्या घरी."

तुम्हीही पाहिले असतील असे डॉक्टर, ज्यांचं एखादं वाक्यच निम्मं औषध असतं. आमच्या डॉक्टरांचं वाक्य एवढंच. हिवतापाने थरथरणाऱ्या एकाला त्यांनी ते ऐकवलं, तर दुसऱ्या दिवशी तो अंगात ताप असतानाच गाठोडं बांधून दारात उभा. "साहेब, निघू ना?" डॉक्टर म्हणाले, "अरे, उद्या तं रोजच येते!" सगळा वॉर्ड हसला, तोही हसला आणि परत खाटेवर जाऊन पडला.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आलापल्लीच्या पुढे जंगलात आमचं सहा खाटांचं आरोग्य केंद्र होतं आणि मी तिथली नर्स. डॉक्टर ब्रह्मपुरीकडचे. आईबाप दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत मजुरी करणारे. शिकून डॉक्टर झाले, पण बोली सोडली नाही.

त्या भादव्यात हगवण-उलटीची साथ आली. खाटा भरल्या, मग व्हरांडा भरला. सलाईनच्या बाटल्या आम्ही खिडकीच्या गजांना टांगल्या. तरी दूरच्या टोल्यांवरून, जंगलातल्या त्या लहान वस्त्यांवरून, कुणी येईना. दवाखान्यात गेलेला परत येत नाही, मेला तर मढंही देत नाहीत, अशी बोलवा उठली होती.

अशात एक बाप आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला पाठीवर घेऊन तीन कोस चालत आला. मुलीचे डोळे खोल गेले होते. डॉक्टरांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि बापाला म्हणाले, "घाबरू नोको. उद्या घरी."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती गेली.

बाप रडला नाही. तिकडची माणसं सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. तसंच तो म्हणाला, "तू म्हनला, उद्या घरी. चल. पोचव."

मी मध्ये पडले. "साहेब, चाळीस पेशंट आहेत. आणि जीप नाल्यापुढे जायची नाही."

"पायीच जातो, सिस्टर. मीच बोल्लो ना त्याले."

त्यांनी मुलीला दवाखान्याच्या चादरीत गुंडाळलं आणि उचललं. सोबत आमचा शिपाई गेला. पुढचं मला त्यानेच सांगितलं. बाप आणि डॉक्टर आळीपाळीने तिला घेत होते. नाल्याचं पाणी छातीला लागलं तेव्हा डॉक्टरांनी तिला डोक्यावर धरलं. टोल्यावर माणसं दारांतून नुसती बघत राहिली. मुलीला आईच्या मांडीवर ठेवून डॉक्टर तिथेच अंगणात खाली बसले.

घरात धाकटीलाही उलट्या लागल्या होत्या. आईने विचारलं, "हिले नेलं तं जगन?"

डॉक्टरांनी धाकटीची नाडी पाहिली. मग म्हणाले, "माहीत नाई, बाई. औषध देतो, जवळ बसतो. येवढंच माह्या हातात हाये."

आईने थोरलीच्या तोंडावर चादर ओढली, तिला सासूच्या ओटीत दिलं आणि धाकटीला उचललं.

दिवस मावळायच्या आत डॉक्टर परतले. मागे त्या टोल्यावरची अकरा आजारी माणसं होती, कुणी चालत, कुणी घरच्यांच्या पाठीवर.

इकडे व्हरांड्यातला एक म्हातारा दुपारी गेला होता. सलाईन लावायला मला त्याची शीर लवकर सापडली नव्हती. पुढे चौकशी झाली. 'डॉक्टर असते तरी वाचला नसता,' असं मी लिहून दिलं. ते खरं होतं का, मला आजही माहीत नाही. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं, 'मी असतो तर कदाचित वाचला असता.'

साथ आणखी तीन आठवडे चालली. त्यांचं ते वाक्य मात्र मला पुन्हा ऐकायला मिळालं नाही. खाटेशेजारी खाली बसून ते सांगायचे, "आता सुई टोचतो. दुखन. मंग पानी जाईन अंगात. मी इथीच हाव." आणि खरंच तिथेच असायचे. लोक याने जास्त निवांत व्हायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. धाकटी उठून बसली आणि वाटीभर पेज प्यायली, त्या दिवशी डॉक्टर हापशीवर गेले आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

मग बदलीचा कागद आला. एक ट्रंक घेऊन ते एसटीत बसले.

चार दिवसांनी ती आई आली. धाकटी तिचं बोट धरून स्वतःच्या पायांनी चालत होती. तिला तेल लावून, केस विंचरून आणली होती.

"डॉक्टर कुठी?"

"बदली झाली, बाई."

तिला तो शब्द कळला नाही. "मेला?"

"नाही, नाही. दूर गेले."

"कोनत्या रस्त्यानं?"

मी एसटीचा रस्ता दाखवला. ती मुलीला घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. एक बस आली. उतरणारे उतरले, ती एकेकाचं तोंड बघत होती. बस गेली, धुरळा खाली बसला. मग तिने मुलीला कडेवर घेतलं आणि जंगलाची वाट धरली.