पाठमोरा माणूस

भावोजी गेल्यानंतरच्या वर्षी मी माझ्या थोरल्या बहिणीला, सुधाअक्काला, पॅरिसला घेऊन गेले. तिथल्या संग्रहालयात दीडशे वर्षांपूर्वीचं एक निसर्गचित्र होतं. मावळतीचा पिवळा उजेड, ओलं शेत, आणि उजेडाकडे चाललेला नखाएवढा पाठमोरा माणूस. उजेड किती लांब आहे हे सांगायला चित्रकाराला जाणारं माणूस लागत असावं.

"हे असेच चालायचे, एक खांदा पाडून," अक्का म्हणाली.

चेहरा दिसेल म्हणून ती अगदी जवळ गेली. तिथे तपकिरी रंगाचे नुसते दोन फटकारे होते.

"जवळ गेलं की नसतातच गं."

एकेक पाऊल मागे सरत, तो पुन्हा चालताना दिसला तिथे ती थांबली. संग्रहालय बंद व्हायची घंटा झाली, तरी ती हलेना.