ड्रॉप आधी, पेपर नंतर

लातुरात लोक दोनच शब्दांना घाबरतात: भूकंप आणि ड्रॉप. ड्रॉप म्हणजे मेडिकलला नंबर लागला नाही की क्लासमध्ये आणखी एक वर्ष. आमच्या ओंकारवर ती पाळी येऊ नये म्हणून त्याच्या वडिलांना नोकरीपुरतं देगलूरला ठेवून मी लातुरात खोली घेतली होती.

पेपर तोंडावर आला होता. मी गच्चीवर पापड उचलायला गेले, तर हा मित्राशी फोनवर बोलत होता.

"ड्रॉप तर पाहिजेच रे. सगळे ड्रॉपसाठीच येऊन राहिले. पण लवकर न्हाई घ्यायचा."

मी रडले नाही. (चांगल्या सरांची ड्रॉपची बॅच आधीच भरते. रडत बसलं की मागचा बाक.) तडक क्लासचं ऑफिस गाठलं.

"मॅडम, अजून पेपर व्हायचाय," कारकून म्हणाला.

"म्हणूनच आले. पुढचा बाक द्या."

मग देगलूरला फोन केला. संध्याकाळी हे आले आणि ओंकारच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू दे बाबा. माणूस जगला पाहिजे."

"कोण गेलं?" ओंकार घाबरून उठला.

तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर मेसेज आला: 'ड्रॉप बॅचमध्ये आपले स्वागत.'

"आई, पेपर द्यायच्या आधीच तू मला नापास करून आलीस?"

"तूच म्हणालास ना, ड्रॉप पाहिजे?"

त्याने कपाळावर हात मारला आणि लॅपटॉप मोठ्या स्पीकरला जोडून गाणं लावलं. ठोके वाढत गेले, एकदम थांबले, आणि मग असा दणका बसला की मांडणीतली भांडी थरथरली. हे अनवाणी रस्त्यावर पोचलेसुद्धा. (भूकंपापासूनची सवय.)

"ह्याला म्हणतात ड्रॉप," ओंकार म्हणाला. "पेपर झाल्यावर इथंच मुरुडजवळ मित्राच्या शेतात रेव्ह पार्टी हाय. डीजे मी."

"पोलीस धाड घालतात, ती?"

"तसलं काही न्हाई. नाचायचं, भजी खायची अन् दिवस मावळायच्या आत घरी."

पोरगा रेव्ह पार्टीला निघालाय हे ऐकून जीव भांड्यात पडलेली मराठवाड्यातली मी पहिलीच आई असेन.

ओंकारचा नंबर पहिल्याच खेपेला लागला. क्लासमधलं नाव काढायला जायची मात्र मला लाज वाटली. रोज सकाळी तिथून फोन यायचा, "तुमचा विद्यार्थी गैरहजर आहे."

"ताप आहे हो," मी सांगायची.

मुलगा डॉक्टर व्हायला गेला, आणि मी त्याला महिनाभर तापाने अंथरुणाला खिळवून ठेवलं.