एका रोपाचं एकच पान

माझ्या सासूबाई ऑर्फा टीटर यांच्या पोटात काही राहत नाही. पाद्रीबाबांची डुलकी, माझी करपलेली मक्याची भाकरी, सगळं संध्याकाळच्या आत गावभर होतं. पोटात ठेवली ती एकच गोष्ट, रानलसणीची जागा. वेस्ट व्हर्जिनियाच्या आमच्या डोंगरात ही जागा कुणी कुणाला सांगत नाही. सासऱ्यांनी, हार्लननी, ती शेवटच्या आजारपणात त्यांच्या कानात सांगितली आणि वचन घेतलं, ताटवा संपू द्यायचा नाही.

एका रोपाला जेमतेम तीन पानं. कंद उपटायचा नाही, एका रोपाचं एकच पान सुरीने कापायचं, बाकीची रोपासाठी. बी रुजून खाण्याजोगं रोप व्हायला सात वर्षं जातात. दर वसंतात चर्चच्या जेवणासाठी बेकनच्या चरबीत बटाटे खरपूस परतायचे आणि उतरवताना वरून ही पात चिरून टाकायची. तोंडाला तीन दिवस वास येतो, पण सगळ्यांच्याच येतो. पहिला वाटा डोंगरापलीकडच्या ड्यूईला, म्हणजे सासूबाईंच्या अविवाहित दिराला. तो "बरं" एवढंच म्हणून घेतो.

पण इतकं जपूनही ताटवा दरसाल विरळ होत होता. "वर गेल्यावर ह्यांना काय तोंड दाखवू?" म्हणत सासूबाई झुरत. यंदा गुडघ्यामुळे त्यांना आठवडाभर उशीर झाला, म्हणून शपथ घालून मलाही सोबत नेलं. पाहतो तर बहुतेक रोपांवर दोनदोनच पानं. तिसरं देठाशी स्वच्छ कापलेलं.

"चोर आहे," मी म्हटलं.

"कंद सोडून जाणारा कसला चोर? माझ्याहून शिस्तीचा आहे मेला."

तेवढ्यात वरच्या बाजूने टोपली घेऊन ड्यूई उतरला.

"वहिनी, तू इथे कशी?"

"मी कशी? ही ह्यांची जागा आहे."

"माझी आहे. बाबांनी मला एकट्याला दाखवली. म्हणाले, भावालासुद्धा सांगू नकोस."

सासूबाई पडलेल्या ओंडक्यावर बसल्या. "ह्यांनाही हेच सांगितलं होतं त्यांनी."

मला एकदम उलगडा झाला. दरसाल एक पान आधी ह्या कापायच्या, दोन रोपासाठी सोडायच्या, आणि आठवड्याने येऊन त्यातलं एक तो कापायचा. दोन प्रामाणिक माणसांनी मिळून ताटव्याचा जीव घेत आणला होता.

"आणि दरसाल माझा वाटा मुकाट घेत होतास?" सासूबाई म्हणाल्या.

"नको म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का म्हणून."

त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. तिथेच ठरलं, दोन वर्षं कुणीच कापायचं नाही, मग आळीपाळीने. चर्चच्या जेवणात यंदा नुसते बटाटे.

उतारावर ड्यूईने त्यांचा हात धरला.

"चाळीस वर्षं मला वाटत होतं, बाबांचा लाडका मीच," तो म्हणाला. "हार्लनचं फार वाईट वाटायचं."

"त्यांनाही तुझं वाटायचं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर जाताना बजावून गेले, ड्यूईचा वाटा चुकवू नकोस."