तिचं बोलणं तिचं

"बरं," असं म्हणून त्या बाई आपली खुर्ची टेबलामागून ओढून पुढे आणायच्या आणि समोरच्याच्या शेजारी जरा तिरकी मांडायच्या. मग बोलणं सुरू. समोर आठवीतली मुलगी असो, संतापलेला बाप असो की आमचे मुख्याध्यापक, मधलं टेबल त्यांना चालत नसे.

मी मोशीतल्या एका हायस्कुलात लिपिक आहे. बाई आमच्याकडे समुपदेशक म्हणून आल्या त्या कंत्राटावर, तीन शाळांत मिळून एक. आमच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार. जागा नव्हती म्हणून त्यांना खेळाच्या साहित्याची खोली दिली. भिंतीला टेकलेले कॅरमबोर्ड, कोपऱ्यात लेझमांचा ढीग. मुलं त्यांना 'टेन्शनवाल्या बाई' म्हणायची. ते कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "नाव वाईट नाही. निदान कशासाठी यायचं ते कळतं."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, स्वतः फार बोलत नाहीत आणि तरी त्यांच्यापाशी लोक मोकळे होतात. माझा आधी विश्वास नव्हता. मला वाटायचं, नुसतं 'बरं, बरं' करून काय होणार?

मग दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीतली एक मुलगी बोलेनाशी झाली. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. सुट्टीआधी तिच्या वडिलांचा चाकणच्या एका कंपनीत मशीनमध्ये हात सापडला होता, दोन बोटं गेली होती. आम्हाला वाटलं, धक्का बसलाय, येईल पूर्वपदावर. बाईंनी मात्र तिला आठवड्यातून दोनदा बोलवायला सुरुवात केली. मी दारावरून जायचो तेव्हा दोघी उड्या मारायच्या दोऱ्यांचे गुंते सोडवत बसलेल्या दिसायच्या. महिनाभर हेच.

एका शुक्रवारी मुलगी बोलली. तासभर आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण चालण्यात जीव होता.

मुख्याध्यापकांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. "काय म्हणाली? लिहून द्या, फाइलला लावू."

"सर, तिच्या जिवाला काही धोका असता तर मी स्वतःच धावत आले असते. तसं नाही. बाकीचं बोलणं तिचं आहे."

सरांनी मला मेमो टाइप करायला लावला. बाईंनी तो वाचला, पोच दिली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मंगळवारी मुलीचे आजोबा आले. गावातलं जुनं घर, आवाज खणखणीत. "माझी नात काय येडी हाय का? आमाला न्हाई सांगत आन् तुमाला सांगती व्हय? काय बोलली ती?"

बाईंनी खुर्ची शेजारी घेतली. "आजोबा, ती सांगणार आहे. वडिलांनाच सांगायचंय तिला. थोडा वेळ द्या. आणि सांगेल तेव्हा मधे कुणी बोलू नका."

आजोबा पुटपुटत गेले. पंधरा दिवसांनी बोनाफाइडच्या दाखल्यासाठी माझ्याकडे आले, दाखला हातात घेतला आणि उठेनात. मग आपणहून सांगू लागले. अपघात झाला त्याच वेळी पोरीने बापाला फोन लावला होता, सहलीला पाठवा म्हणून हट्ट करायला. फोन घ्यायला गेले आणि हात सापडला, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

"आवो, फोन तर लॉकरात हुता. मशीनवर फोन न्यू देत न्हाईत. बापाला रिंगच ऐकू आली न्हाई. पन पोरीनं इचारल्याबगार आमाला कसं कळावं?" त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. "दोघं बापलेक लई रडली. मग पोटभर जेवली."

त्याच वर्षी सरकारने शाळांतल्या समुपदेशकांसाठी नियमांचा मसुदा काढला आणि लोकांकडून सूचना मागवल्या. बाई छापील पानं घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "माझं मराठी टायपिंग कच्चं आहे. शेजारी बसू?"

मसुद्यात एक कलम होतं: मुख्याध्यापक मागतील तेव्हा समुपदेशकाने आपल्या नोंदी दाखवाव्यात. बाईंनी मला सांगितलं ते असं: मुलाच्या जिवाला धोका असेल तर कळवणं सक्तीचं करा, एरवी त्याला विचारल्याशिवाय नको, आपलं बोलणं ऑफिसात जातं हे कळलं की मुलं बोलायची थांबतात.

दुसरं कलम शिक्षणाचं होतं. समुपदेशकाकडे मानसशास्त्राची पदव्युत्तर पदविका हवी. बाईंकडे ती नव्हती. मी म्हटलं, "अनुभवही धरावा, असं लिहू या का? नाहीतर तुमचीच जागा जाईल."

त्यांनी हातातली पानं टेबलावर ठेवली. "नको. पहिल्या वर्षी मी एका मुलीला नुसता धीर देत राहिले. तिला डॉक्टर हवा होता आणि मला ते ओळखता आलं नाही. तिच्या मैत्रिणीने घरी सांगितलं म्हणून ती वाचली. ते कलम योग्य आहे, असंच लिहा."

मी लिहिलं. पत्र मुख्याध्यापकांपुढे ठेवलं. सरांनी दोनदा वाचलं, मग बाईंच्या सहीखाली स्वतःची सही केली.

नियम आले. नोंदींचं कलम बदललेलं होतं. आमच्या पत्रामुळे बदललं असं मी म्हणणार नाही, अशी कितीतरी पत्रं गेली असतील. शिक्षणाचं कलम तसंच राहिलं आणि बाईंचं कंत्राट पुढे वाढलं नाही. आता आमच्या शाळेला पूर्णवेळ समुपदेशक आहे, तरुण मुलगी आहे, हुशार आहे. तिला स्वतंत्र खोली मिळाली. आठवीतली ती मुलगी आता दहावीत आहे आणि वर्गात बडबड करते म्हणून तिच्या तक्रारी माझ्यापर्यंत येतात.

गेल्या महिन्यात बाई निगडीच्या बसस्टँडवर भेटल्या. पन्नाशीला टेकलेल्या बाई, पाठीला कॉलेजच्या पोरांसारखी सॅक.

"पदविकेला नाव घातलंय," त्या म्हणाल्या. "वर्गात सगळ्यांत थोराड मीच. मुलं माझ्या वह्या मागायला येतात."

"पुन्हा मोशीला याल का?"

"जिथे जागा निघेल तिथे. पोरं काय, सगळीकडेच आहेत."

बस आली. त्या गर्दीतून चढल्या. खिडकीतून मला दिसत होतं, एका हाताने वरची दांडी धरून दुसऱ्या हाताने त्यांनी पुस्तक उघडलं होतं. मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. बस वळणाआड गेली तेव्हाही त्यांची मान पुस्तकातच होती.