लाल खोडाचा तेरडा

मर्गिलान शहरात आपल्या तेरड्याला तोड नाही, असं ओकिलाआपा स्वतःच सांगत, आणि त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती. माहेरहून आणलेलं बी. गच्च पाकळ्यांचं काळपट लाल फूल, खोडसुद्धा लाल. गल्लीतल्या प्रत्येक नवरीची नखं त्याच्याच पानाफुलांनी रंगायची. बी मात्र त्या कोणाला द्यायच्या नाहीत. या बाबतीत बाई पक्की चिक्कू!

त्यांची सून सानोबार दूरच्या मोठ्या शहरातली. लग्नानंतरच्या पहिल्याच शरदात, सुनेच्या रिवाजाप्रमाणे उजाडायच्या आत अंगण झाडताना तिनं अंगणातल्या लाकडी तख्तावरचं फडकं कचरा समजून दारापुढच्या पाटात झटकलं. वाळत घातलेलं सगळं बी वाहून गेलं. ते तेरड्याचं होतं हे पोरीला तेव्हा कळलं. बाजारात धावत जाऊन तिनं तसंच तपकिरी बी आणून फडक्यावर पसरलं. दुपारी आपांनी ते पुरचुंडीत बांधलं.

वसंतात रोपं आली. खोडं हिरवीगार.

सानोबार ओरड्याची वाट बघत राहिली. पण आपा रोज वाफ्यापाशी उकिडव्या बसायच्या, अर्ध्या जेवणावरून उठायच्या. आठव्या दिवशी चहा देताना सुनेला त्यांची पुटपुट ऐकू आली.

"याच हातांनी खुडलं, याच हातांनी बांधलं... माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी तिला माझं नावसुद्धा आठवेना."

सानोबारनं चहा खाली ठेवला. माहेरी पाठवलं तरी चालेल, पण हे ऐकवत नव्हतं.

"आई, तुम्ही काही विसरला नाहीत. मी बी पाटात फेकलं. हे बाजारातलं."

आपा गर्रकन वळल्या. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"आहे."

"अगं भवाने, मग आठ दिवस तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?" असं म्हणून त्या रडल्या, मग हसल्या, मग तिचा हात धरून उठल्या. "चल. पाणी खाली कुठे जातं ते बघू."

दोघी पाटाच्या कडेकडेनं निघाल्या. चार घरं खाली, शेजारीण मामलाकतच्या दारात, पाटाच्या कडेच्या दगडाआड सात-आठ रोपं उभी होती. लालबुंद खोडं.

आवाज ऐकून मामलाकत बाहेर आली. "हा तुझा तेरडा ना, ओकिला? तू तर कोणाला बी देत नाहीस! इथं कोणी पेरला?"

"माझ्या सुनेनं!" आपा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या. "झाडताना सगळं बी फेकलं हिनं! मी विसरले नव्हते गं, हिनं फेकलं!"

खिडक्या उघडल्या. आपांनी प्रत्येक खिडकीला तेच पुन्हा सांगितलं. सानोबार मान खाली घालून उभी होती, आणि या घरात आल्यापासून तिला इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं.