आबांची विडी आणि ड्युटीवरची प्रणाली

गेल्या मंगळवारी मी पहिल्यांदा विमानात बसले… आणि त्याच विमानातून उतरून आमच्या घरातलं सगळ्यात मोठं माणूस थेट सिक्युरिटीच्या ऑफिसात जाऊन बसलं. हसू नका, आधी सगळं ऐका.

माझी लेक प्रणाली एअर होस्टेस आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. किन्हवलीजवळच्या आमच्या गावातून या नोकरीत गेलेली ती पहिलीच मुलगी. आबांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, काशी बघायची होती, तर तिने स्वतःची ड्युटी असलेल्या फ्लाइटचीच तिकिटं काढली. हे गुरांमुळे घरी थांबले, म्हणून मी आणि आबा दोघंच निघालो.

घरात आबांचा शब्द शेवटचा. मी मुरबाडहून लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर माझा डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही की आवाज चढला नाही. प्रणालीच्या नोकरीचं कळल्यावर सगळी भावकी नाकं मुरडत होती, तेव्हा "पोर जाईल" एवढंच बोलून त्यांनी विषय संपवला होता.

आबांना विडीची सवय. पण बायकापोरांसमोर, पाहुण्यांसमोर कधी ओढणार नाहीत… गोठ्यामागे जातील, एकटेच ओढतील, चूळ भरून मग घरात येतील. आमच्याकडची जुनी माणसं अशीच.

विमान वर गेलं. प्रणाली युनिफॉर्ममध्ये ट्रॉली घेऊन आली, आम्हाला पाणी दिलं, आणि माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू… शेजारच्या बाईंना मी न विचारताच सांगून टाकलं, माझी मुलगी आहे. थोड्या वेळाने आबा टॉयलेटला गेले.

बराच वेळ झाला, येईनात… मग कसलासा अलार्म वाजला आणि प्रणाली जवळजवळ धावतच मागे गेली. आमच्या सीट शेवटच्या रांगेत होत्या. वळून बघते तर आबा टॉयलेटच्या दारात उभे आणि त्यांच्यामागे धूर. त्यांच्या कनवटीची काडेपेटी चेकिंगमधून कशी सुटली, देव जाणे.

तिने आधी आतला कचऱ्याचा डबा बघितला. थोटूक त्यातच टाकलेलं, हात पुसायच्या कागदांवर… तिने बाटलीभर पाणी त्यावर ओतलं, हात घालून खात्री केली, आणि मग आबांकडे वळली. "सर, विमानात धूम्रपान करणं गुन्हा आहे. काडेपेटी माझ्याकडे द्या."

सर… आमच्या आबांना सर. 

आबांना तर आपलं काय चुकलं तेच कळेना. "मी दार लावून वढली ना गो. कोनाच्या तोंडावर धूर नाय सोडला." त्यांच्या हिशेबी नो स्मोकिंग म्हणजे चारचौघांत ओढायची नाही, आणि चारचौघांत तर त्यांनी जन्मात ओढली नव्हती.

मी उठून तिचा दंड धरला, म्हटलं, जाऊ दे ना, आपलेच आबा आहेत. तिचे डोळे भरले होते, पण आवाज जराही हलला नाही. "ते कागद पेटले असते तर इथून पळायला अंगण नाही. तुम्ही सीटवर बसा, बेल्ट लावा." मलाही अहो-जाहो… आणि फोन उचलून तिने कॅप्टनला कळवलं.

 खरं सांगते, लेकीचा भयंकर राग आला होता. ज्या माणसाने हिला घराबाहेर पडू दिलं, त्यालाच ही म्हातारपणी पोलिसांच्या ताब्यात देणार… त्यांनी गावात तोंड कसं दाखवायचं?

उतरल्यावर सिक्युरिटीचे दोन जवान आलेच. दारात प्रणालीने सगळ्या पॅसेंजरना केला तसाच आबांनाही नमस्कार केला. तिला त्याच विमानाने परत जायचं होतं, त्यामुळे आमच्याबरोबर येता येणार नव्हतं.

ऑफिसात साहेबांनी हिंदीत विचारलं, ती एअर होस्टेस तुमच्या ओळखीची आहे का. मी हो म्हणायला तोंड उघडलं, वाटलं तेवढ्याने तरी सुटतील… तर आबांनी हातानेच मला थांबवलं. "नाय साब, पैचान नाय. वो उसके काम पे थी. गलती मेरा हाय."

 घरचा माणूस म्हणून हिने सांभाळून घेतलं, असं उद्या कोणी म्हणू नये… पोरीच्या नोकरीला आपला डाग लागू नये, म्हणून आबा तिची ओळखच नाकारत होते.

साहेब हसले. म्हणाले, तिने उतरायच्या आधीच कॅप्टनला सांगितलंय… हे माझे आबा आहेत, पण घरचे म्हणून कोणतीही सवलत देऊ नका.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्या टोपीनेच डोळे पुसले.

कारवाई व्हायची ती रीतसर झाली. काशी झाली, पण काही महिने विमानबंदी, त्यामुळे परत येताना रेल्वे… मी ठरवलं होतं, गावात या गोष्टीचा शब्दही काढायचा नाही.

तर काल किन्हवलीच्या स्टँडवर आबाच सगळ्यांना थांबवून थांबवून सांगत होते, "आमच्या प्रणालीनं मला पोलिसात दिला. सख्खा चुलता मी, तरी सोडला नाय." आणि छाती अशी पुढे काढलेली, की ऐकणाऱ्याला कळेना, हसावं की अभिनंदन करावं.

मी बाजूला पदर सावरत उभी होते. अभिमान तर वाटत होताच… लेकीचा की आबांचा, ते मात्र अजून ठरत नाहीये.